'फनी बॉय' वाचून झालं, लेखक श्याम सेल्वदुराईंबद्दल सांगाल का? पुढे कुठलं वाचू?

अबोली

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

मी ठाण्याची, वय ५८. मुलगा टोरांटोला नोकरीला आहे. दिवाळीत आला होता, जायच्या आदल्या रात्री बॅगा भरून झाल्यावर स्वयंपाकघरात आला आणि त्याने मला सांगितलं की तो गे आहे. मी काही बोलायच्या आत एक पुस्तक हातात दिलं, म्हणाला आई, आत्ता काही बोलू नकोस, आधी हे वाच, मग बोलू. श्याम सेल्वदुराई यांचं 'फनी बॉय'. मला अख्खी इंग्रजी कादंबरी वाचायची सवय नाही, रोज दुपारी जेवणं आटपली की दहाबारा पानं, अडलेला शब्द मोबाइलवर बघायचा, असं करत अडीच महिन्यांनी गेल्या आठवड्यात संपलं.

पहिल्याच गोष्टीत मी अडकले. आजीआजोबांच्या घरी रविवारी सगळी भावंडं जमतात, मुलगे बाहेर क्रिकेट खेळतात आणि हा सात वर्षांचा अर्जी मुलींमध्ये लग्नाचा खेळ खेळतो, आपली भातुकली असते तसंच, आणि त्यात नवरी कायम हाच. साडी, पदर, डोक्यावर फुलं. मग एक आत्या त्याला त्याच वेषात ओढत दिवाणखान्यात सगळ्या मोठ्यांसमोर आणून उभं करते. त्यानंतरचं मला जास्त लागलं. त्याची आई लग्नकार्याला जाताना साडी नेसायची तेव्हा हा पलंगावर बसून बघायचा, तो त्याचा सगळ्यात आवडता वेळ, आणि त्या दिवसानंतर ती खोलीचं दार लावून घ्यायला लागते. तो का म्हणून विचारतो तर तिच्याकडे उत्तरच नाही, काहीतरी बोलून वेळ मारून नेते, आकाश उंच असतं आणि डुकरांना उडता येत नाही म्हणून, असं. मी पुस्तक मिटून ठेवलं, चार दिवस हातात घेतलं नाही. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना माझ्या ओढण्या घेऊन आरशासमोर नाचायचा. आधी मला गंमत वाटायची. मग एकदा सासरची माणसं घरात असताना तसा बाहेर आला आणि त्या दिवसापासून मी कपाटाला कुलूप लावायला लागले.

असो. मला विचारायचंय ते असं की हे लेखकाचं स्वतःचंच लहानपण आहे का? तो पुढे कॅनडात काय करतो, परत कधी श्रीलंकेत गेला का? शेवटच्या प्रकरणातली दंगल मला नीट कळली नाही, एकदम सगळं कसं पेटतं? आणि त्यांचं पुढचं कुठलं पुस्तक वाचू? मिस्टरांनाही काहीतरी द्यायचंय वाचायला. त्यांना अजून मुलाने सांगितलेलं नाही पण मला म्हणालाय तू सांगितलंस तरी चालेल. त्यांना इतिहास आवडतो, कथाकादंबऱ्या फारशा नाही.

स्कारबरोकर

अबोलीताई, तुमच्या मुलाने पुस्तक फार विचार करून निवडलंय. मी १९ वर्षं इथे टोरांटोच्या स्कारबरो भागात राहतोय, ऑफिसमध्ये, शेजारी, मुलीच्या शाळेत, सगळीकडे लंकेचे तमिळ, त्यामुळे हा लेखक मला आधी शेजाऱ्यांकडून कळला आणि मग लायब्ररीत सापडला. माहिती आहे तेवढी लिहितो, लांबेल.

श्याम सेल्वदुराईंचा जन्म १९६५चा, कोलंबोचा. आई सिंहली आणि वडील तमिळ. इथेच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे, कारण पुस्तकातल्या अर्जीचं घर दोन्हीकडून तमिळ आहे, लेखकाचं तसं नव्हतं. म्हणजे घराचं वातावरण, शाळा, ते श्रीमंत इंग्रजाळलेलं कोलंबो, हे सगळं त्याने जगलेलं आहे पण घडलेल्या गोष्टी जशाच्या तशा त्याच्या नाहीत. मला तर वाटतं की आई सिंहली आणि बाबा तमिळ असलेल्या मुलाने दंगल बघितली म्हणूनच पुस्तकात कुठे एका बाजूचा द्वेष येत नाही. राधा आत्याचं प्रेम एका सिंहली मुलावर बसतं ना, ती गोष्ट परत वाचा, त्यात कुणीच दुष्ट नाहीये आणि तरी सगळं मोडतं.

१९८३च्या दंगलीनंतर कुटुंब कॅनडात आलं, तेव्हा हा १९ वर्षांचा. टोरांटोच्या यॉर्क युनिव्हर्सिटीत नाटक आणि लेखन शिकला. 'फनी बॉय' आलं १९९४ला. त्याच वर्षी इथला गिलर पुरस्कार सुरू झाला, आता तो कॅनडातला सगळ्यात मानाचा समजतात, त्याच्या पहिल्याच वर्षीच्या अंतिम यादीत हे पहिलंवहिलं पुस्तक होतं. पुरस्कार एम. जी. वासनजींना गेला, पण याला पहिल्या कादंबरीचा पुरस्कार मिळाला आणि अमेरिकेतला गे आणि लेस्बियन साहित्यासाठीचा लॅम्डाही. ते साल लक्षात घ्या, १९९४. तेव्हा आपल्याकडच्या घरांत हा शब्द उच्चारायची सोय नव्हती आणि हा माणूस स्वतःच्या नावाने, लपवाछपवी न करता, मी गे आहे म्हणून सांगत होता.

आणि तिकडचा कायदा बघा. लंकेच्या दंडसंहितेत समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारी कलम ३६५ आणि ३६५अ आहेत, इंग्रजांनी १८८३ मध्ये घातलेली, आपल्या ३७७ची भावंडंच. पुस्तक आलं त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९९५ला, तिकडे कायदा बदलला, पण सुटका करायला नाही. आधी फक्त पुरुषांना लागू होता, तो बदलून बायकांनाही लागू केला.

तळटीप

दंगलीबद्दल मी सांगते, माझा एमएचा विषय हाच होता.

एकदम पेटलेलं नाही ते. १९५६ला तिकडे फक्त सिंहली हीच सरकारी भाषा असा कायदा केला, तमिळ माणसांच्या नोकऱ्या, बढत्या सगळं अडायला लागलं. १९५८ला मोठी दंगल झाली, पुस्तकातल्या आजीचे वडील त्यातच मारले गेलेत, आठवतं का, म्हणून ती राधाच्या सिंहली मित्राचं नाव काढलं तरी भडकते. पुढे उत्तरेला जाफन्याकडे बंडखोर संघटना उभ्या राहिल्या. २३ जुलै १९८३ला त्यातल्या एलटीटीईने जाफन्याजवळ लष्कराचे १३ सैनिक मारले. त्यांचे मृतदेह कोलंबोला बोरेल्लाच्या स्मशानात आणणार म्हणून तिथे २४च्या संध्याकाळी गर्दी जमली आणि रात्री तिथूनच जाळपोळीला सुरुवात झाली. आठवडाभर चालू होतं. जमावाच्या हातात मतदार याद्या होत्या. म्हणजे एका गल्लीत दहा घरं असतील तर त्यातलं तमिळ घर कुठलं हे त्यांना यादी बघून कळत होतं, नेमकं तेवढंच जाळायचे. किती माणसं गेली याचा आकडा चारशेपासून तीन हजारांपर्यंत कोण सांगतं त्यावर बदलतो. तमिळ लोक त्याला काळा जुलै म्हणतात, आणि स्कारबरोकर म्हणतात ते सगळे शेजारी बहुतेक त्या जुलैनंतर आलेले किंवा त्यांची मुलं.

शेवटचं प्रकरण डायरीच्या रूपात का लिहिलंय ते मला फार नंतर उमगलं. आधीच्या पाच गोष्टी मोठा झालेला माणूस मागे वळून सांगतोय, निवांत. दंगल सुरू झाली की तो निवांतपणा जातो, तारीख टाकून जेवढं दिसतंय तेवढंच तो लिहितो. घर जळताना मागे वळून सांगायला कुणी शिल्लक असेल याचीच खात्री नसते ना.

मी_मानसी

मिस्टरांसाठी 'सिनॅमन गार्डन्स' द्या!! १९९८चं, दुसरी कादंबरी. १९२०च्या दशकातलं कोलंबो, इंग्रज डोनमोर कमिशन पाठवतात, मताचा अधिकार कुणाला द्यायचा यावर चर्चा, तमिळ बडी घराणी घाबरलेली की सगळ्यांना मत दिलं तर आपलं काय. इतिहास पुरेपूर आहे. दर प्रकरणाच्या सुरुवातीला तिरुक्कुरळ या जुन्या तमिळ ग्रंथातलं वचन. आणि मधोमध बालेंद्रन नावाचा माणूस, चाळिशीचा, बायको आहे, मुलगा आहे, बापाच्या शब्दाबाहेर नाही, आणि तरुणपणी लंडनमध्ये ज्याच्यावर प्रेम केलं तो इंग्रज मित्र रिचर्ड वीस वर्षांनी कोलंबोत येऊन उतरतो.

मला खरं सांगायचं तर सुरुवातीची शंभरेक पानं संथ वाटली होती.

तळटीप

मानसी, संथ आहेच, पण ते घरच तसं आहे, सगळं बापाच्या घड्याळावर चालणारं. बालेंद्रन घाईत काही करूच शकत नाही. शिवाय त्याच पुस्तकात अन्नलक्ष्मी आहे, शिक्षिका, लग्नाला तयार नाही, सायकल चालवते म्हणून चर्चा. लेखकाने या दोघांना शेजारी ठेवलंय हे मला फार आवडतं. त्या घरात लग्न जिच्यावर लादलं जातंय ती मुलगी आणि लग्न ज्याच्यावर लादून झालंय तो पुरुष, दोघांचा कोंडमारा एकाच कारणाने. आपल्या घरांमधल्या किती काकांची, मामांची लग्नं अशी झाली असतील, त्यांच्या बायकांनी काय काढलं असेल, मी ते पुस्तक वाचून आठवडाभर हाच विचार करत होते.

रानवारा

अबोली काकू, मी सोलापूरचा, आता बंगळुरूला असतो, ३१ वय, गे आहे. इथे हे पहिल्यांदाच लिहितोय, तुमचा धागा वाचून लिहावंसं वाटलं.

'फनी बॉय' मी पुण्यात इंजिनिअरिंगला असताना वाचलं. मुखपृष्ठ कुणाला दिसू नये म्हणून त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं आणि वर नीट अक्षरात मशीन डिझाइन लिहिलं होतं. २०१३चा डिसेंबर होता, त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने ३७७ परत लागू केलं होतं. मेसमध्ये टीव्हीवर बातमी लागली, कुणीतरी काहीतरी बोललं, सगळे हसले, मीही हसलो. मग खोलीत येऊन शहान आणि अर्जीचं प्रकरण वाचलं, ते शाळेतलं. मुख्याध्यापक अर्जीला बक्षीस समारंभात म्हणायला दोन इंग्रजी कविता पाठ करायला लावतात, शाळेचे दिवस किती सोनेरी वगैरे, आणि त्याच शाळेत तो मुख्याध्यापक शहानला रोज मारतोय. तर हा स्टेजवर जाऊन कविता मुद्दाम चुकवतो, शब्द तोडतो, ओळी उलट्यापालट्या करतो, सगळ्यांसमोर स्वतःची नाचक्की करून घेतो, मित्रासाठी. मी तोपर्यंत जेवढं काही वाचलं होतं त्यात आपल्यासारख्या मुलाच्या वाट्याला शौर्य आलेलं पहिल्यांदा बघितलं. ते पुस्तक अजून आहे, त्याच कव्हरसकट. मध्ये २०१८ला ३७७ गेलं, कव्हर मात्र मी काढलं नाही, आता ते त्या पुस्तकाचाच भाग वाटतं.

पुढचं म्हणून तुम्ही 'स्विमिंग इन द मॉन्सून सी' घ्या, २००५चं. किशोरांसाठी लिहिलंय, इंग्रजी सोपं आहे, डिक्शनरी कमी लागेल. १९८०चं कोलंबो, चौदा वर्षांचा अमृत, आईबाप नाहीत, आईच्या मैत्रिणीकडे वाढतोय, तीच त्याची मावशी. कॅनडाहून त्याचा मामेभाऊ येतो आणि अमृत त्याच्या प्रेमात पडतो, आपल्याला काय होतंय ते त्यालाच कळत नाही. शाळेत ऑथेल्लो बसतंय, मुलांची शाळा त्यामुळे बायकांची कामंही मुलंच करणार, आणि त्याला डेस्डेमोना व्हायचंय. यालाही लॅम्डा मिळालं. आणि त्यातली मावशी, काकू, तिच्यासाठी वाचा. फार प्रेमळ आहे.

मी_मानसी

रानवारा, मशीन डिझाइन वाचून डोळ्यांत पाणी आलं. इथे लिहिलंस, बरं केलंस.

ऑथेल्लो म्हणजे आपला देवलांचा 'झुंझारराव', काकूंना माहीत असेल. आमच्या घरी आजोबा बालगंधर्वांबद्दल बोलायला लागले की त्यांचा आवाज बदलायचा, शालू नेसून कसे चालायचे, मान कशी वळवायचे, बायका त्यांचं बघून नेसायला शिकायच्या. तेच आजोबा माझ्या धाकट्या भावाने गॅदरिंगला साडी नेसली म्हणून दोन दिवस जेवले नव्हते. तो भाऊ गे वगैरे नाहीये, त्याला फक्त नाटकात काम करायचं होतं.

बाय द वे, वाचायचा कंटाळा असेल तर सिनेमा पण आहे ना? मिस्टरांना तोच दाखवा.

स्कारबरोकर

सिनेमा आहे, दीपा मेहतांचा, २०२०चा, पटकथा मेहता आणि सेल्वदुराई दोघांनी मिळून लिहिलीय आणि तिला कॅनडाचा पटकथेचा पुरस्कारही मिळाला. मेहतांचा 'फायर' आठवत असेल, १९९८च्या डिसेंबरात मुंबईत थिएटरं फोडली होती. कॅनडाने 'फनी बॉय' ऑस्करच्या परदेशी भाषांच्या विभागात पाठवला होता पण संवाद अर्ध्याहून जास्त इंग्रजीत भरले म्हणून त्यांनी घेतला नाही.

पण माझं मत, आधी सिनेमा नको. इथल्या तमिळ लोकांना तो फार लागला. मुख्य भूमिकेत तमिळ नट नाहीत आणि तमिळ बोलणं कच्चं, अशी त्यांची तक्रार. माझा एक तमिळ मित्र मला म्हणाला, ज्या भाषेसाठी आमची घरं जाळली ती भाषा तरी नीट बोला. मला त्यावर बोलायला काही सुचलं नाही. दुसरी बाजू पण आहे, मोठ्या अर्जीचं काम केलेला नट लंकेतलाच आणि उघडपणे गे, जिथे तो कायदा अजून आहे तिथे राहणारा, मेहतांनी त्याला घेतलं त्यात धाडस आहेच. दोन्ही खरं आहे. पण अबोलीताईंच्या घरी पहिली ओळख पुस्तकातूनच व्हावी असं मला वाटतं, सिनेमात आईचं ते दार तुमच्या मनातल्यासारखं लागणार नाही.

परत गेला का विचारलंत. जात राहिला. गॉल शहरात साहित्य महोत्सव भरतो, त्याची जबाबदारी दोन वर्षं त्याच्याकडे होती. युद्ध २००९ला संपलं, त्यानंतर त्याने तिकडे 'राइट टू रिकन्साइल' नावाचा उपक्रम चालवला, सिंहली, तमिळ, मुस्लिम अशा नवोदितांना एकत्र बसवून युद्धाबद्दल लिहायला शिकवायचं आणि त्यांचं लेखन पुस्तकरूपात काढायचं. म्हणजे ज्या देशाच्या कायद्यात तो अजून गुन्हेगार, त्या देशाच्या पोरांना हा लिहायला शिकवतोय. आणि एक गोड गोष्ट, लंकेतल्या एका इवल्याशा कोळ्याला शास्त्रज्ञांनी त्याचं नाव दिलंय, ब्रिग्नोलिया श्यामी.

कादंबऱ्या एकूण पाचच, जवळपास तीस वर्षांत. 'द हंग्री घोस्ट्स' २०१३चं, माझ्या मते त्याचं सगळ्यात खोल पुस्तक, पण ताई ते लगेच घेऊ नका, फार जड आहे. त्यातला शिवन कोलंबोतून इथे स्कारबरोत येतो, माझ्याच आजूबाजूच्या रस्त्यांवर. त्याची आजी त्याच्यावर जीव टाकते आणि त्याच जिवापायी त्याचं वाटोळं करते. बौद्ध गोष्टींतलं भूत आहे त्यात, पेरेथया, आपलं प्रेतच, पोट भलं मोठं आणि तोंड सुईच्या नेढ्याएवढं, समोर अन्न असून खाता येत नाही. माणूस देश सोडून आला, मोकळा झाला, प्रेम मिळालं तरी भूक भागत नाही, का, तर मागे काहीतरी राहिलंय. इथे आलेल्या कुणालाही विचारा, मग तो गे असो नसो, मराठी असो, तमिळ असो, ते तोंड माहीत असतं. मी ते हिवाळ्यात वाचलं आणि दुसऱ्या दिवशी आईला उगाचच तीनदा फोन केला.

शेवटचं २०२२चं 'मॅन्शन्स ऑफ द मून', सिद्धार्थ घर सोडून गेल्यावर मागे राहिलेल्या यशोधरेचं. नवऱ्याला इतिहास आवडतो तर सिनॅमन गार्डन्सनंतर तेही चालेल.

तळटीप

कायद्याचं एक जोडते, २०२३च्या मे महिन्यात लंकेच्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं की ही कलमं काढणारं विधेयक घटनेच्या विरोधात नाही, म्हणजे संसदेने ठरवलं तर काढता येतील.

अबोली

सगळ्यांचे किती आभार मानू. उत्तरं दोनदा वाचली, दंगलीचं आता कुठे कळलं, त्या मतदार याद्यांचं वाचून अंगावर काटा आला.

रानवारा, बाळा, तुझ्या घरी कोण कोण आहे, त्यांना माहीत आहे का हे मी विचारत नाही, पण ठाण्याला कधी आलास तर मला इथे मेसेज कर, जेवायला ये.

काल मिस्टरांना सांगितलं. बराच वेळ गॅलरीत उभे होते. मग आत येऊन विचारलं, तिथे एकटा राहतो का कुणी आहे सोबत. मी म्हटलं मला नाही माहीत, तुम्हीच विचारा. आज सकाळी त्यांनी स्वतः फोन लावला, माझ्याकडे न देता पाऊण तास बोलले, मी मुद्दाम भाजी आणायला खाली गेले. 'सिनॅमन गार्डन्स' मागवलंय, मानसी, संथ आहे हे त्यांना सांगितलेलं नाही.

रात्री मी मुलाशी बोलले, ओढणीचं विचारलं. म्हणाला ओढण्या आठवत नाहीत, कपाटाची किल्ली आठवते, तू ती देव्हाऱ्यात ठेवायचीस. मला वाटत होतं त्याला ठाऊक नाही कुठे ठेवते ते. दोघंही थोडा वेळ गप्प होतो, मग त्याने विचारलं पुस्तकातलं कोण आवडलं, मी म्हटलं राधा आत्या, तर हसला, म्हणाला मला माहीतच होतं.

जूनमध्ये येतोय. 'मॉन्सून सी' त्यालाच आणायला सांगितलंय, स्कारबरोकर, तिकडे जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळेल का?

स्कारबरोकर

मिळेल ताई. नाहीच मिळालं तर माझी प्रत आहे, त्याला माझ्याकडून घेऊन जायला सांगा, नंबर तुम्हाला मेसेजमध्ये पाठवतोय. येताना जेवूनच जाऊ दे.